पहिला अंक कापा म्हणे!

विंगेतला
परवा 'मधली रांग' यांनी लिहिलेलं वाचलं आणि तेव्हापासून डोकं ठणकतंय. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: पहिला अंक म्हणजे कोण कुणाचा मेव्हणा हे सांगण्यात घालवलेला पाऊण तास. तो कापावा आणि नाटक थेट भांडणापासून सुरू करावं, कारण 'प्रेक्षक आता हुशार झालाय'.

हुशार झालाय ना? मग त्याला पेरलेलं दिसायला हवं. तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे' (१९६७) आठवा. पडदा उघडल्यावर काय होतं? बेणारेबाईंचं बोट दाराच्या कडीत चेमटतं. सामंत सांगतो की ही कडी त्रास देते, नीट सरकवली नाही तर बाहेरून लागते. एवढंच. आपण हसून सोडून देतो. पुढे खेळातला खटला अंगाशी येतो, बाई निघून जायला दाराकडे धावतात आणि दार बाहेरून लागलेलं असतं! लेखकाने तेव्हा ऐनवेळी कुलूप आणलं असतं तर आपणच 'सोयीचं आहे' म्हणून नाक मुरडलं असतं. माहिती देणं हे पहिल्या अंकाचं दुय्यम काम. हे नाटक कसं बघायचं, कुठल्या वस्तूवर नजर ठेवायची, कुठल्या हसण्याची पुढे लाज वाटणार आहे, हे तो आपल्याला नकळत शिकवतो.

मधली रांग
आलं का कडी-पुराण! साहेब, तुम्ही तेंडुलकर काढलेत. मी बोलतोय ते सरासरी नाटकाबद्दल. पडदा वर जातो, नोकर सोफा झटकतोय, फोन वाजतो, 'मालक घरी नाहीत, बाईसाहेब देवळात गेल्यात, धाकटे साहेब उद्या परदेशातून येणार'. झाली पेरणी! अभिजात नाटकांच्या पदराआड किती दिवस लपणार? आणि बेकेटचं 'वेटिंग फॉर गोदो'? तिथे पहिल्या अंकात कोणाची ओळख होते सांगा. कोण आहेत, कुठून आलेत, काही नाही. तरी १९५३ पासून चाललंय.

विंगेतला
गोदो तुमच्याच अंगावर येतोय. दुसरा अंक पहिल्यासारखाच घडतो, झाडाला चार-पाच पानं फुटलेली असतात, बाकी तेच. पहिला कापलात तर 'तेच' कशासारखं? वाट पाहणं एकदाच घडलं तर तो प्रसंग झाला. दुसऱ्यांदा घडलं की ती जन्मठेप.

संहितावाला
दोघांनीही 'अंक' हा शब्द जरा जपून वापरावा. ग्रीक नाटकात आपल्या अर्थाने अंक नव्हतेच. 'हॅम्लेट'च्या १६०३ च्या छापील प्रतीत अंकांची विभागणी नाही. १६२३ च्या फोलिओत, म्हणजे शेक्सपिअरच्या नाटकांच्या एकत्रित छापील ग्रंथात, खुणा आहेत, पण त्या दुसऱ्या अंकात येऊन थांबतात. नाटकाच्या चढ-उताराचा पाच टप्प्यांचा जो पिरॅमिड सगळे घोकतात तो जर्मन लेखक फ्रायटागने मांडला १८६३ साली. आणि मुखसंधी, म्हणजे संस्कृत नाट्यशास्त्रातला कथानकाचा पहिला टप्पा, म्हणजेच पहिला अंक, हेही कृपया कोणी लिहू नये. कथानकाचं बीज पडतं ते मुखसंधीत, त्याची हद्द अंकाच्या पडद्याशी जुळलीच पाहिजे असं नाही.

मधली रांग
कोणी लिहिलंच नव्हतं हो ते!

संहितावाला
लिहिणार होतात.

शाकुंतलवेडी
बीजाचा विषय निघालाच आहे तर माझी हक्काची तक्रार. शाकुंतल शिकवताना प्रस्तावना 'मंगलाचरण, नटी, गाणं' म्हणून दोन वाक्यांत उडवतात. मलाही तसंच शिकवलं होतं. त्या प्रस्तावनेत सूत्रधार नटीच्या गाण्यात इतका रमतो की आज कुठलं नाटक करायचं हेच विसरतो! तिने आठवण करून द्यावी लागते. विस्मरणावर उभं असलेलं नाटक, आणि ते विस्मरणानेच सुरू होतं.

पुढे पहिल्याच अंकात अंगठी येते, हे किती जणांच्या लक्षात आहे? शकुंतलेवर दोन झाडांना पाणी घालायचं ऋण आहे म्हणून प्रियंवदा तिला अडवते. ते फेडायला दुष्यंत बोटातली अंगठी काढून देतो. मैत्रिणी तिच्यावरचं नाव वाचतात आणि एकमेकींकडे बघतात. प्रियंवदा ती परत करताना म्हणते, या अंगठीला बोटाचा वियोग शोभत नाही. पुढे नेमका तोच वियोग सगळं उद्ध्वस्त करतो. 'मधली रांग', कुठून कापू सांगा.

मधली रांग
हे माहीत नव्हतं. छान आहे. पण मला सांगा, प्रयोगात ते कितीजणांना कळतं? पुन्हा वाचणाऱ्यांना कळतं. मी तिकीट एकदाच काढतो.

प्रॉपर्टी बघणारा
वाद छान आहे, पण खरी गोष्ट कोणी बोलत नाहीये. पहिल्या दहा मिनिटांत कोणी जागेवर असतं का? तिसरी घंटा झाल्यावर लोक येतात, मोबाइलचा टॉर्च पाजळत खुर्च्यांचे नंबर शोधतात. लेखक काय करणार? नोकराकडून सोफा झटकून घेतो! तो नोकर तुमच्यासाठी नाही, उशिरा येणाऱ्यांसाठी आहे.

विंगेतला
शंभर टक्के! अंधार झाला की दारं बंद. विषय संपला.

पाठची खुर्ची
दारं बंद म्हणणं सोपं आहे. लहान मूल घेऊन निघून बघा एकदा.

प्रॉपर्टी बघणारा
मूल घेऊन येताच कशाला? एका प्रयोगाला नायिका मरत असताना तिसऱ्या रांगेतून 'आई, शू' आलं. मेलेली नायिका हसली.

पाठची खुर्ची
म्हणजे आई झालं की नाटक बंद? वा! आणि वर म्हणायचं प्रेक्षक कमी झालेत.

मधली रांग
दारं बंद करणाऱ्यांचा मला अनुभव आहे. आईला काठी लागते, जिना चढायला वेळ लागला. चार मिनिटं उशीर. दारावरच्या माणसाने जे अडवलं ते थेट मध्यंतरापर्यंत. आम्ही पहिला अंक पॅसेजमध्ये बाकावर बसून 'पाहिला'. आणि ऐका, दुसऱ्या अंकात मला सगळं कळलं. सगळं! त्या रात्रीपासून माझं हे मत आहे. पुस्तकातून आलेलं नाही.

विंगेतला
अडवलं ते वाईटच झालं, काठीवाल्या माणसाला तसं बसवून ठेवायला नको होतं. पण मग तुमचा राग पहिल्या अंकावर नाही, दारावर आहे. तो नाटककारांवर का काढताय?

मधली रांग
माझा राग कशावर आहे ते मला तुमच्याकडून शिकायचं नाही.

प्रॉपर्टी बघणारा
चिडू नका दोघं. एक खरी गोष्ट सांगतो. आमच्या हौशी मंडळाचं नाटक होतं. पहिल्या अंकात आई म्हणते, 'तो खण उघडू नको, त्यात ह्यांचा चष्मा आहे.' ह्या एका वाक्यासाठी मी कपाटाचा खण तीन वेळा बदलला, करकरणारा पाहिजे म्हणून. शेवटच्या अंकात मुलगा खण उघडतो, चष्मा काढतो आणि स्वतःच्या डोळ्यांना लावतो. आदल्या प्रयोगात तेव्हा प्रेक्षागृह चिडीचूप झालं होतं. दुसऱ्या दिवशी आईचं काम करणारीने घाईत ते वाक्य खाल्लं. खण तोच, करकर तीच, मुलाने चष्माही तसाच लावला. लोक ढिम्म. मागून एकजण म्हणाला, 'ह्याला नंबर कधी लागला?'

शाकुंतलवेडी
हे वाचून पोटात कसंतरी झालं.

संहितावाला
'खाल्लं' म्हणजे वगळलं, असं गृहीत धरतो.

प्रॉपर्टी बघणारा
तुम्ही प्रयोगाला येत नाही ना? बरं आहे.

पाठची खुर्ची
'मधली रांग', तुम्हाला सगळं कळलं म्हणालात. आईंना?

मधली रांग
...आई शेवटपर्यंत विचारत होती, 'हा कोण?' 'ही का रडते?' पुढच्या रांगेतल्या बाईंनी दोनदा वळून पाहिलं. आणि खरं सांगायचं तर निम्मी उत्तरं मी अंदाजानेच दिली. म्हणून लगेच मी हरलो वगैरे लिहू नका. चष्म्याचं वाक्य राहू दे, कडी राहू दे, अंगठीही राहू दे. पण त्यांच्या आजूबाजूची ती पस्तीस मिनिटं? आणि तो सोफा झटकणारा नोकर? त्याला तरी काढा.

विंगेतला
पस्तीस मिनिटांचं नंतर भांडू, कडी नुसती दिसली तर ती कडी राहत नाही, सहज दिसावी लागते. नोकर काढला. लिहायला जरा वेळ लागला, कारण माझं पहिलं काम तेच होतं.