कोकापची (जावा) नीरा रात्रभर झाडावर राहूनही आंबत कशी नाही?

माडाखालचा:
जावामध्ये योग्याकार्ताच्या पश्चिमेला कुलोन प्रोगो जिल्हा आहे. तिथल्या मेनोरेह डोंगरात, कोकाप भागातल्या हार्गोतिर्तो, हार्गोविलिस वगैरे गावांत घरोघरी माडाच्या रसाचा गूळ होतो. रसाला तेही ‘नीरा’च म्हणतात. संध्याकाळी बांबूचं नळकांडं टांगायचं आणि सकाळी उतरवायचं, म्हणजे रस रात्रभर झाडावर. तरी वडी खडखडीत बसते. आपल्याकडे सिंधुदुर्गात मडकं रात्रभर राहिलं की सकाळी माडीच हातात येते.
चुना घालतात हे माहीत आहे, पण चुना वाढवला की गूळ काळा नि कडवट होतो. तिकडे मँगोस्टीनची सालही घालतात म्हणे. ती इथे मिळत नाही. त्याऐवजी कोकमाची सालं चालतील का? आणि ऑगस्टमध्ये जाऊन काम बघायचं असेल तर कसं जमवावं?

बागायत_४१६:
कोकम आणि मँगोस्टीन दोन्ही एकाच वंशातले, गार्सिनियाच. सुकी आमसुलं टाकून बघा, नुकसान काय होणार आहे?

मेनोरेह:
बागायतभाऊ, नुकसान नक्की होणार! नातं खरं असलं तरी गुण उलटा आहे. कोकमाची साल म्हणजे आंबटपणाच, ती चुन्याचा जोर खाऊन टाकेल. मँगोस्टीनची साल तुरट असते आणि तिथे काम असतं ते त्या तुरटपणाचं. त्यातली टॅनिनसारखी द्रव्यं यीस्ट आणि जिवाणूंना आवरून धरतात. चुना तयार झालेला आंबटपणा मारतो, साल तो तयार होण्याचा वेग कमी करते. दोघं मिळून काम करतात, म्हणून चुना कमी लागतो.
या मिश्रणाला तिकडे ‘लारू’ म्हणतात. चुना आपला पानाला लावायचाच, जावातही विड्यासाठी तोच वापरतात. मँगोस्टीन नसेल तिथे फणसाच्या लाकडाच्या चोया घालतात आणि त्या कोकणात कुठल्याही सुताराकडे फुकट मिळतील. गाभ्याचं पिवळं लाकूड घ्या, बाहेरचं पांढरं नको.
सुरुवातीला अपेक्षित रसाच्या लिटरमागे दीड-दोन ग्रॅम चुना आणि चिमूटभर चोया घाला. मग पीएचच्या कागदाने तपासा. उतरवताना रस ६ ते ७ च्या दरम्यान हवा. ७ च्या बराच वर गेला तर चुना जास्त झाला, गूळ काळा पडतो आणि जिभेला चरचरतो. ६ च्या खाली असेल तर चुलीवर चढवण्यात अर्थ नाही. साखर फुटून तिचं ग्लुकोज-फ्रुक्टोज झालेलं असतं आणि त्यांचा दाणा बसत नाही. कितीही आटवा, चिकटच राहतो. मध्य जावात बान्युमासकडे असल्या गुळाला ‘गेम्ब्लुंग’ म्हणतात.
लारू नळकांडं टांगण्याआधीच तळाशी हवा. रस उतरवल्यावर चुना घालणं म्हणजे वरातीमागून घोडं.

चुलीपाशी:
मेनोरेहने लिहिलंय त्यात एक भर. निम्मा दोष नळकांड्याचा असतो. बांबूच्या आतल्या भिंतीत कालचं यीस्ट मुरलेलं असतं. रोज उकळत्या पाण्याने विसळून, उलटं टांगून कोरडं करावं लागतं. नुसत्या गार पाण्याने धुतलं तर उत्तम लारूही वाया. पोयही (माडाचा न उमललेला फुलोरा, रस त्यातूनच येतो) दोन्ही वेळा तासायची, पातळ चकती निघेल इतकीच. जाड काप घेतला की पोय लवकर संपते, बोथट सुरीने चेंगरलं की रस अडतो.
आता चूल. एका माडाचे दिवसाला लिटर-दोन लिटर धरा. सात-आठ लिटर रसाला साधारण किलोभर गूळ पडतो. रस फडक्यातून गाळायचा (मुंग्या, मधमाश्या, चोया सगळं असतं त्यात) आणि उतरवल्यावर तास-दोन तासांत आच द्यायची. संध्याकाळचा रस रात्रीच एकदा खळखळून उकळून ठेवतात आणि सकाळच्या रसात मिसळतात. कच्चा ठेवला तर सगळी कढई नासवतो.
वीस-पंचवीस लिटरला लाकडाच्या आचेवर तीन-चार तास लागतात. मध्ये फेस वर येतो. तेव्हा थोडं खवलेलं खोबरं किंवा चमचाभर खोबरेल टाकलं की फेस बसतो. पाण्यात थेंब टाकून गोळीबंद पाक झाला की वडीसाठी उतरवायचा, ११० अंशांच्या आसपास. साचा म्हणजे भिजवलेली करवंटी. कोरड्या करवंटीत ओतलात तर वडी सुटणार नाही, फोडून काढावी लागेल.
भुरा गूळ हवा असेल तर ११८-१२० अंशांपर्यंत न्या. त्याला ‘गुला सेमुत’ म्हणतात, शब्दशः मुंगी-साखर. खाली उतरवून ढवळत राहायचं. पाकाची चकाकी जाऊन तो मातकट, फिकट दिसायला लागला की अर्ध्या करवंटीच्या पाठीने कढईतच रगडायचा. इथे घाई केली तर गोळे होतात, उशीर केला तर दगड. मग चाळायचा आणि दमटपणा ३ टक्क्यांच्या आत येईपर्यंत वाळवायचा. नाहीतर पिशवीत महिनाभरात ढेकूळ.

माडाखालचा:
फणसाच्या चोयांचं सुचलंच नव्हतं. पावसाळ्यात काय करतात? आणि जाण्याबद्दल कोणी सांगेल का?

मेनोरेह:
पावसात पाणी नळकांड्यात शिरतं, रस पातळ होतो, लाकूड ओलं, खोड निसरडं. खोडात खाचा पाडून तसेच वर चढतात, दोर क्वचितच असतो, त्यामुळे पडून जायबंदी होणारेही असतात. ‘मी चढून बघू का’ असं गमतीतही विचारू नका. तिकडे पाऊस साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबर ते एप्रिल, तेव्हा तुमचा ऑगस्ट अगदी योग्य. आणि घरी परतल्यावर लक्षात ठेवा, आपल्याकडे माड तासायला उत्पादन शुल्क खात्याचा परवाना लागतो, गुळासाठी असला तरी.

जोग्जा_रेल्वे:
योग्याकार्ताच्या तुगू स्टेशनवरून वातेस, म्हणजे कुलोन प्रोगोचं मुख्य ठिकाण, साधारण तीस किलोमीटर. जिल्ह्यातच तेमोनला नवा विमानतळ आहे, २०१९ पासून सुरू. वातेसहून पुढे डोंगरात सार्वजनिक वाहनाचा भरवसा नाही. दुचाकी घ्यायची तर आंतरराष्ट्रीय परवाना लागेल. चढ खडे आहेत, जुनी स्कूटर भाड्याने देत असतील तर घेऊ नका.
झाडावरचं काम बघायला सकाळी सहाच्या आसपास किंवा दुपारी तीननंतर जा. चूल बघायची तर नऊ ते बारा. दाराशी ‘कुलो नुवुन’ म्हणा, आतून ‘मोंगो’ आल्याशिवाय उंबरा ओलांडू नका. पुरुषांना ‘पाक’, बायकांना ‘बु’. रात्री राहणार असाल तर चोवीस तासांच्या आत वस्तीच्या प्रमुखाला, ‘एर-ते’ला, कळवायचा नियम आहे. यजमान करतात, पण पासपोर्टची झेरॉक्स जवळ ठेवा.
बाजार आपल्यासारखा आठवडी असेलच असं नाही. जावाचा जुना आठवडा पाच दिवसांचा: लेगी, पाहिंग, पोन, वागे, क्लिवोन. गावातला बाजार त्यातल्या ठरावीक दिवशी भरतो, म्हणून ‘सोमवारी’ असं ठरवून जाऊ नका, दिवसाचं नाव विचारून घ्या.
तिथे ‘तेम्पे बेंगुक’ दिसेल, तो खाजकुइलीच्या जातीच्या आंबवलेल्या बियांचा. कच्चं बी बाधतं, म्हणून ते बरेच दिवस पाणी बदलत भिजवून मगच आंबवतात, तेव्हा घरी प्रयोग नको. गेब्लेक (टॅपिओकाच्या पिठाचा तळलेला पदार्थ) मात्र तळल्याबरोबर गरमच खा, गार झाला की रबर.

चुलीपाशी:
गूळ घेताना एकच: करवंटीच्या दोन वड्या जोडून ‘सातांगकेप’ म्हणून विकतात. एक फोडून बघा. आत चमचमता दाणा आणि वास फारसा नाही, तर उसाची साखर मिसळलेली आहे. खरा तुकडा फुटतो मातकट, आणि धुराचा हलका वास येतो.