हरणाऱ्या संघावरची माया
संघ सतत हरत राहिला की पुढच्या पिढीची ओढ आटते, हे मत शिकागो कब्स या अमेरिकेतल्या बेसबॉल संघाच्या बाबतीत मला मुळीच पटत नाही. १९०८ नंतर थेट २०१६ मध्ये विजेतेपद मिळवणाऱ्या या संघावरचे प्रेम आजोबांकडून नातवंडांकडे जात राहिले. रिग्ली फील्ड या कब्सच्या घरच्या मैदानावर १९८८ पर्यंत प्रकाशझोत नसल्याने घरचे सामने दिवसाच होत आणि शाळेतून परतलेल्या मुलांना अखेरचे डाव घरच्यांसोबत दूरचित्रवाणीवर पाहता येत, याचाही त्यात वाटा असावा. २०१६ च्या विजयानंतर मैदानाच्या बाहेरच्या विटांच्या भिंतींवर लोकांनी, तो दिवस न पाहताच गेलेल्या आईवडिलांची नावे रंगीत खडूंनी लिहिली. न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनचा डॉजर्स हा बेसबॉल संघ १९५७ च्या हंगामानंतर लॉस एंजेलिसला गेला, तेव्हा ब्रुकलिनमधल्या कुटुंबांचे दुःखही पराभवाचे नव्हते, आपला संघ हिरावला गेल्याचे होते.