७१ चा डिसेंबर: विमानं दिसली की नुसती ऐकू आली?

परवा माळा आवरताना वडिलांच्या ट्रंकेत काळ्या कागदाची घडी सापडली. म्हणाले, "ब्लॅकआउटचा. खिडकीचा." ७१ च्या भारत-पाक युद्धात रात्री उजेड बाहेर दिसू नये म्हणून लावलेला. आमचा तेव्हा जन्मही नव्हता. ज्यांना तेव्हा कळत होतं, त्यांनी लिहा. वाचलेलं नको.

दादर
मी चौथीत. भोंगा झाला की दिवे बंद. एका रात्री विमानवेधी तोफांच्या लाल ठिणग्या वर चढताना दिसल्या म्हणून आम्ही पोरं गच्चीत पळालो. आईने कान धरून खाली आणलं. सकाळी कळलं, शत्रूचं विमान आलंच नव्हतं!

निवृत्त, हवाईदल
डिसेंबर कशाला? आमचं युद्ध २२ नोव्हेंबरलाच सुरू झालं, घोषणा व्हायच्या आधी. मी कलकत्त्याजवळ दमदमला नॅट या छोट्या लढाऊ विमानांवर आर्मरर, म्हणजे तोफा-गोळ्या सांभाळणारा, होतो. ३० मिमीच्या तोफा ऐनवेळी अडकायच्या, ही आमची कायमची डोकेदुखी. त्यामुळे गोळ्यांचा पट्टा भरताना एकेक गोळी बोटाने चाचपायचो. त्या दिवशी पाकिस्तानची सेबर लढाऊ विमानं सकाळपासून दोनदा येऊन निसटली होती. तिसऱ्यांदा, दुपारी तीनच्या सुमारास, चार नॅट उडाली आणि पूर्व पाकिस्तानच्या सीमेवरच्या बोयऱ्यावर गाठ पडली. चारही परतली. तोफेच्या तोंडाशी काजळी होती. मी फडकं सोडून तळहातानेच पुसली. पडत्या विमानांतून हवाईछत्रीने उतरलेले दोन पाकिस्तानी वैमानिक पकडले गेले. त्यांतले परवेझ मेहदी कुरेशी पुढे त्यांच्या हवाईदलाचे प्रमुख झाले. आम्ही काय, दुसऱ्या दिवशी परत पट्टे भरत बसलो.

आग्रा (तेव्हा), सध्या नागपूर
बाबांचं पोस्टिंग होतं. ३ डिसेंबरच्या रात्री धावपट्टीवर बाँब पडले. आई आम्हाला घेऊन खंदकात उतरली ती पोळ्यांच्या डब्यासकट. चांदण्यात चमकू नये म्हणून ताजमहाल झाकलेला पाहिलाय मी. शाळेत कुणाला खरं वाटायचं नाही.

लोहगावजवळ (पुणे)
आमच्याकडे आजी मोजायची. अंधारात कॅनबेरा बाँबफेकी विमानं घरावरून जायची, घरघर कमी होईपर्यंत ती माळेचा एकेक मणी सरकवायची. परत येताना पुन्हा मणी. एका पहाटे एक कमी भरलं. चहा नाही, काही नाही, तशीच ओसरीवर बसून राहिली. शेवटी दादा म्हणाला, "अगं, तू घोरत होतीस तेव्हा आलं ते." आजीने डुलकी काही कबूल केली नाही. म्हणाली, वाऱ्याने आवाज आला नसेल.