मदत हवी आहे : ‘यहूदी’ आणि ‘इस्राएल’ हे शब्द एकाच अर्थाचे केव्हापासून झाले?

सध्या मी बायबलमधील जुना करार क्रमाने वाचत आहे आणि एका शब्दापाशी अडलो आहे. शलमोन राजानंतर राज्य दुभंगले, उत्तरेकडे इस्राएल आणि दक्षिणेकडे यहूदा अशी दोन राज्ये झाली, इथवर समजते. परंतु 2 राजे 16 मध्ये ज्या ‘यहूद्यां’ना एलाथ या नगरातून हुसकावले जाते, त्यांच्या राजाविरुद्ध त्याच प्रसंगी अरामाचा रसीन आणि खुद्द इस्राएलचा राजा पेकह एकत्र आलेले दिसतात, म्हणजे तेथे ‘यहूदी’ हा यहूदा राज्याचा रहिवासी, सरसकट इस्राएली नव्हे. उलट, एस्तेरच्या पुस्तकात मर्दखय हा यहूदा नव्हे तर बन्यामीन वंशाचा (इस्राएलच्या बारा वंशांपैकी एक) असूनही त्याला यहूदीच म्हटले आहे. नव्या करारातील प्रेषित पौलही स्वतःला एकीकडे यहूदी आणि दुसरीकडे बन्यामीन वंशातला इस्राएली म्हणवतो.

हा बदल यहूदातील लोकांना बाबेलला नेण्यात आले त्या बंदिवासात झाला, की परत आलेल्यांच्या प्रांताला यहूदा हे नाव असल्यामुळे? शिवाय इ.स.पू. 722 च्या सुमारास उत्तरेकडील राज्याची राजधानी शोमरोन पडल्यावर उत्तरेकडील वंश नाहीसे झाले असे सर्रास सांगितले जाते (मला ते फार सोपे उत्तर वाटते), तर लूक 2:36 मधील हन्ना ही संदेष्ट्री आशेर या उत्तरेकडील वंशाची कशी?

आपल्या कोकणातील बेने इस्राएल या यहूदी समाजाने ‘इस्राएलची मुले’ हेच नाव जपले, म्हणून त्या परंपरेतील जाणकारांचे आणि हिब्रू येणाऱ्यांचे स्पष्टीकरण, शक्यतो वचनांच्या संदर्भासह, मिळाल्यास मी आभारी राहीन.