बीडीएस नंतर रिसर्च करायचाय, क्लिनिक नको. शिकायला सरकारी पैसा मिळतो का?

खर्रा_नको_भाऊ
नमस्कार सगळ्यांना. मी नागपूरची, बीडीएसची इंटर्नशिप चालू आहे, चार महिने उरलेत. घरचे म्हणतात क्लिनिक टाक, बाबांनी तर एक गाळासुद्धा बघून ठेवलाय, पण मला आयुष्यभर आरसीटी (रूट कॅनल) आणि कॅप करत बसायचं नाहीये. ओपीडीत रोज दोन-तीन पेशंट तरी असे येतात की तोंड उघडा म्हटलं तर दोन बोटं आत जात नाहीत आणि वय विचारलं तर २२, २४. सगळे खर्रावाले, म्हणजे तंबाखू-सुपारी-चुना घोटून खाणारे. आम्ही सांगतो सोडा, ते हो म्हणतात, आणि खाली गेटसमोर टपरीवर पुन्हा पन्नी घोटताना दिसतात. मला याच्यावरच काम करायचंय. एकाच टपरीवरून खाणाऱ्या दोन मित्रांपैकी एकाचं तोंड दोन वर्षात बंद होतं आणि दुसऱ्याचं दहा वर्षात पण होत नाही, हे काहून?
तर प्रश्न असा की रिसर्च शिकायला सरकार पैसे देतं का. एक सिनियर म्हणाला अमेरिकेत टी३२ म्हणून काहीतरी असतं, ट्रेनिंग फुकट आणि वर पगार. बीडीएसवर मिळतं का ते, की आधी एमडीएस (बीडीएसच्या पुढची डिग्री) लागतंच? वेबसाइटी वाचून डोकं फिरलंय, कोणीतरी माणसाच्या भाषेत सांगा प्लीज.

दाढदुखी_सांगली
डॉक्टर, गाळा सोडू नका 😀 चेष्टा नाही करत. माझ्या बॅचचे तिघं रिसर्चला गेले, त्यातले दोघं आज दुसऱ्याच्या क्लिनिकमध्ये टक्क्यावर बसतात. फेलोशिप मिळते हो, प्रश्न ती संपल्यावरचा आहे.

चार्ल्सकाठचा
मी बोस्टनमध्ये आहे, इथे ओरल बायॉलॉजीत पीएचडी केली, आता पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरची रिसर्चची नोकरी. मूळचा लातूरचा, बीडीएसच. अमेरिकेचं सांगतो.
इथे दातांच्या रिसर्चसाठी सरकारची वेगळी संस्थाच आहे, एनआयडीसीआर, एनआयएच म्हणजे इथल्या सरकारच्या आरोग्य संशोधन संस्थेच्या आतली. १९४८ ला ट्रूमननी सही केली तेव्हा जन्म झाला. कारण पण मजेशीर आहे, दुसऱ्या महायुद्धात भरतीला आलेल्या पोरांचे दात इतके सडलेले की सैन्याला माणसं परत पाठवायची वेळ आली, तेव्हा कुठे सरकारला कळलं की दात हा पण राष्ट्रीय प्रश्न असतो. आज तिचं बजेट वर्षाला ५० कोटी डॉलरच्या आसपास आहे आणि त्यातला काही भाग फक्त माणसं तयार करण्यासाठी बाजूला ठेवतात.
आता टी३२. हे तुला मिळत नाही, युनिव्हर्सिटीला मिळतं. म्हणजे कॉलेजने अर्ज करायचा की आमच्याकडे एवढे चांगले गाइड आहेत, आम्हाला एवढ्या जागा द्या, आणि मग त्या जागांवर पोरं कोण घ्यायची ते कॉलेज ठरवणार. स्टायपेंड सरकारने ठरवलेला, २०२४ ला पीएचडीवाल्याला २८,२२४ डॉलर आणि नवीन पोस्टडॉकला ६१,००८. डॉलर बघून हुरळून जाऊ नकोस, बोस्टनच्या भाड्यात पीएचडीचा स्टायपेंड कुठे जातो कळत पण नाही. आणि एक गोष्ट कोणी सांगत नाही, पोस्टडॉकला हे पैसे घेतले तर पहिल्या बारा महिन्यांची परतफेड असते. आपल्याकडे एमबीबीएसवाल्यांचा बाँड असतो ना, तसं. पुढे तेवढाच काळ रिसर्च किंवा शिकवणं करून फेडायचं, नाहीतर व्याजासकट पैसे परत.
पण तुझ्यासाठी मेन गोष्ट ही की टी३२ किंवा एफ३० एफ३१ (या विद्यार्थ्याने स्वतः अर्ज करायच्या फेलोशिप) या सगळ्याला अमेरिकन नागरिक नाहीतर ग्रीन कार्ड लागतं. व्हिसावाल्यांना नाही. सिनियरने हे सांगितलं नसणार, बरोबर? एक चोरवाट होती आणि ती मुद्दाम दातवाल्यांसाठीच ठेवलेली, आर९०. टी९०/आर९० अशी जोडी असते, पहिली नागरिकांसाठी आणि दुसऱ्यात बाहेरच्या देशात शिकलेले डेंटिस्ट घेता येतात. कारण इथले डेंटिस्ट रिसर्चला येतच नाहीत, डेंटल स्कूलमधून बाहेर पडताना सरासरी ३ लाख डॉलरच्या घरात कर्ज असतं डोक्यावर, ते प्रॅक्टिस करणार की उंदीर कापणार? त्यामुळे इथल्या लॅबमध्ये आपल्यासारखे बीडीएस भरपूर दिसतात. पण अशा जागा मोजक्याच कॉलेजात असतात. आम्हा बहुतेकांचा पगार प्रोफेसरच्या स्वतःच्या ग्रँटमधून निघतो, माझाही तसाच निघाला. म्हणजे पैसा सरकारचाच, फक्त नाव प्रोफेसरचं. पुढे पोस्टडॉकची चार वर्षं व्हायच्या आत के९९ ला, म्हणजे पोस्टडॉकमधून स्वतःच्या लॅबकडे जायच्या ग्रँटला, अर्ज करता येतो, तिथे नागरिकत्वाची अट नाही, तीच आमची आशा.
फक्त सध्या हवा बरी नाही. २०२५ ला सरकारने बजेटच्या प्रस्तावात एनआयएचच्या २७ संस्थांच्या ८ करायच्या आणि पैसा जवळपास ४० टक्के कापायचा असं मांडलं, तेव्हा आमच्या लॅबमध्ये आठवडाभर कोणी धड जेवलं नव्हतं. प्रस्ताव म्हणजे कायदा नाही हे माहीत आहे, पण प्रोफेसर नवीन माणूस घेताना दहादा विचार करायला लागले.

पब्लिक_हेल्थ_मॅडम
बोस्टनकरांनी छान सांगितलं. आता इकडचं मी सांगते, मी पब्लिक हेल्थ डेंटिस्ट्री शिकवते.
आधी कटू बातमी, आयसीएमआरचं (केंद्राची वैद्यकीय संशोधन परिषद) एसटीएस तुझ्या हातून गेलं. दोन महिन्यांचा छोटा प्रोजेक्ट असतो, एमबीबीएस बीडीएसच्या विद्यार्थ्यांसाठी, १९७९ पासून चालू आहे, आता ५०,००० रुपये देतात. पण इंटर्न चालत नाहीत. दरवर्षी इंटर्नशिपमधली मुलं येऊन विचारतात आणि दरवर्षी मी कपाळावर हात मारते. सेकंड इयर थर्ड इयरचं कोणी वाचत असेल तर आजच गाइड पकडा.
आपल्याकडे दातांसाठी आयसीएमआरची वेगळी संस्था नाही गं, तंबाखू आणि तोंडाच्या कॅन्सरचं काम नोएडाच्या कॅन्सर प्रतिबंध संस्थेत चालतं, बाकी दिल्लीच्या एम्सचं डेंटल सेंटर, आपल्या खारघरचं टाटाचं कॅन्सर रिसर्च सेंटर अॅक्ट्रेक, अशा ठिकाणी शोधायचं. तिथल्या चालू प्रोजेक्टवर स्टाफ म्हणून लागणं हा बीडीएससाठी सगळ्यात सरळ रस्ता, नुसत्या बीडीएसवर जेआरएफच्या (ज्युनियर रिसर्च फेलोशिप, त्याच्या पुढची सिनियर ती एसआरएफ) परीक्षा देता येतीलच असं नाही, त्या मुळात एमएस्सीवाल्यांसाठी आखलेल्या. फेलोशिप लागली तर २०२३ पासून जेआरएफला महिना ३७,००० आणि एसआरएफला ४२,०००, वर घरभाडं. पीएचडीला गेलीस तर बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या पण फेलोशिप आहेत, ज्या प्रवर्गात बसतेस ते बघ, मात्र पैसे वेळेवर येतीलच असं धरून घर चालवू नकोस, आझाद मैदानात बसलेली पोरं पाहिली असशीलच. आणि खूप पुढचं सांगायचं तर इंडिया अलायन्स, पैसा केंद्राच्या बायोटेक विभागाचा आणि ब्रिटनच्या वेलकम ट्रस्टचा, त्यात क्लिनिकल आणि पब्लिक हेल्थवाल्यांची वेगळी रांग आहे. डेंटिस्ट तिथे फार थोडे अर्ज करतात असं माझं निरीक्षण. आपण स्वतःच स्वतःला दाताचे मिस्त्री समजतो.

दाढदुखी_सांगली
मॅडम मिस्त्रीला बांधकामावर पैसे वेळेवर मिळतात 😂

मिलो_खाल्लेला
मी रिटायर्ड मास्तर आहे, डेंटल कॉलेजातलाच. पोरी, तुला अमेरिकेला जाऊन अमेरिकेचा पैसा हवाय, पण एक काळ असा होता की तो पैसा इकडे खेड्यात आला होता. ७२ च्या दुष्काळाच्या आसपासची लाल मिलो, ती अमेरिकेची ज्वारी, आठवते का कोणाला, जनावरं खात नव्हती ती आम्ही खाल्ली. त्याच्या आधीपासून पीएल ४८० या अमेरिकेच्या कायद्याखाली अमेरिकेचं धान्य यायचं आणि आपण किंमत रुपयात द्यायचो. ते रुपये अमेरिकेला बाहेर नेता येत नव्हते, मग इथेच खर्च करायचे, त्यातले काही एनआयएचने आपल्याकडच्या रिसर्चला दिले. मुंबईच्या टीआयएफआरमध्ये, हो तीच भाभांची अणुवाली संस्था, तिथे डॉ. फली मेहतांनी बेसिक डेंटल रिसर्च युनिट काढलं होतं. मेहता स्वतः डेंटिस्ट. जोडीला कोपनहेगनचे पिंडबोर्ग. यांच्या माणसांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांत १,०१,७६१ लोकांची तोंडं तपासली. एक लाखाच्या वर! १९७२ ला पेपर आला. कॉम्प्युटर घरोघरी नव्हते तेव्हाची गोष्ट. पुढे केरळ, आंध्र, गुजरातमध्ये ३६,००० तंबाखूवाल्यांना नुसतं पटवून पटवून सोडायला लावलं तर तोंडातले पांढरे चट्टे कमी होतात हे दाखवलं, ते १९८६ ला लॅन्सेट या वैद्यकीय जर्नलमध्ये आलं. त्याच युनिटमधले डॉ. प्रकाश गुप्ता पुढे तंबाखूच्या विषयात जगभर गेले, आणि ते डेंटिस्ट नव्हते, आकडेवारीवाले होते.
माझं म्हणणं एवढंच की फेलोशिपचं नाव शोधण्याआधी गाइड शोध. त्या युनिटमध्ये बसून जे शिकले ते टी३२ नसताना शिकले.

खर्रा_नको_भाऊ
बापरे, हे मला आमच्या पाच वर्षात कोणी सांगितलं नव्हतं. ल्युकोप्लाकियाच्या (तेच पांढरे चट्टे) चॅप्टरमध्ये मेहता पिंडबोर्ग नावं पाठ केली होती फक्त, दोन मार्कांसाठी. सर, मिलो माझी आजी पण सांगते.
@चार्ल्सकाठचा दादा, एक विचारू? तू बीडीएस झाल्यावर लगेच अर्ज केला होतास की मध्ये काही काम केलं होतंस? रिसर्चचं काहीच नाहीये माझ्याकडे, एक पोस्टर आहे कॉन्फरन्सचं आणि ते पण ग्रुपचं.

चार्ल्सकाठचा
दोन वर्षं एका प्रोजेक्टवर तालुक्याच्या दवाखान्यात फॉर्म भरले. १८ हजार महिना. सकाळी सातच्या एसटीने जायचो. इंटरव्ह्यूमध्ये प्रोफेसरने त्या फॉर्मबद्दलच अर्धा तास विचारलं, पोस्टरबद्दल एक शब्द नाही.

पब्लिक_हेल्थ_मॅडम
ते ओपीडीचं बोललीस ना, एकाच टपरीवरचे दोन मित्र, तो प्रश्न चांगला आहे. चार महिने आहेत अजून. उद्यापासून प्रत्येकाचं तोंड किती मिलिमीटर उघडतं आणि किती वर्षं खातो हे लिहायला लाग, पण त्याआधी एचओडीला (विभागप्रमुखांना) विचारून एथिक्स कमिटीत कागद टाक, नाहीतर सगळं वाया. मेसेज कर, फॉरमॅट देते.

खर्रा_नको_भाऊ
करते मॅडम. बाबांना सांगायचं राहिलंय फक्त.

दाढदुखी_सांगली
गाळ्याचा पत्ता मला पाठवा मग 😀