पत्रा तोच, माणूस तोच, मग काम वेगळं कसं?

लेथवाला_साकीनाका
काल इथे एकाने लिहिलं, "ज्याच्या हातात कला आहे तो पत्र्याच्या शेडमध्येही करून दाखवतो. वातावरण ही आळशी लोकांची पळवाट." रात्रभर डोक्यातून जाईना. २२ वर्षं लेथवर, म्हणजे धातू कातायच्या मशीनवर, उभा आहे, म्हणून लिहितो.

आयटीआय झाल्यावर पहिली नोकरी साकीनाक्याला. जॉब, म्हणजे मशीनवर कातायचा तुकडा, बिघडला की मालक सगळ्यांसमोर आईवरून शिव्या घालायचा. आम्ही काय शिकलो? बिघडलेला जॉब भंगाराच्या ड्रममध्ये तळाशी दडवायला. टूल कशाने तुटलं हे कोणी कोणाला सांगत नसे, म्हणून दुसऱ्या पाळीत तेच पुन्हा तुटायचं. मग अंधेरी एमआयडीसीत लागलो. तसाच पत्रा, मे महिन्यात तसाच तापणारा. पण तिथला फोरमन बिघडलेला जॉब टेबलावर ठेवायचा आणि मायक्रोमीटर आमच्या हातात द्यायचा. "माप घे, कुठे गेला सांग." चार वर्षांत जे आलं नाही ते आठ महिन्यांत आलं. माणूस मी तोच होतो ना?

साचाखाते
ते मीच लिहिलं होतं आणि त्यावर ठाम आहे. माझे वडील परळच्या गिरणीत साच्यावर, म्हणजे कापड विणायच्या मागावर, होते. सूत तुटू नये म्हणून खात्यात मुद्दाम दमट हवा ठेवत. कानठळ्या बसवणारा आवाज, नाकातोंडात कापूस. तरी दोन-दोन साचे सांभाळले. डबेवाले घ्या. १८९० पासून उन्हापावसात धावताहेत. कुठलं ऑफिस, कुठला एसी?

वॉर्डातली_ताई
दादा, एसीचं कोण बोलतंय? डबेवाल्यांचा मुकादम त्यांच्यातलाच असतो, गटाची कमाई सारखी वाटली जाते. त्यालाच वातावरण म्हणतात.

मी नर्स आहे. अमेरिकेत एमी एडमंडसन यांनी १९९० च्या दशकात रुग्णालयांतल्या औषधांच्या चुका तपासल्या. चांगल्या टीममध्ये चुका कमी निघतील असं वाटलं होतं, नोंदी उलट जास्त निघाल्या, कारण तिथे चूक सांगायची भीती नव्हती. माझ्या जुन्या वॉर्डात चुकीचा डोस गेल्याचं एका नव्या पोरीने मला बाथरूममध्ये रडत सांगितलं. रजिस्टरमध्ये लिहायची तिची हिंमत झाली नाही.

बदलापूर_फास्ट
तुम्ही सगळे कामाच्या जागेबद्दल बोलताय. मी तिथे पोचतो कसा ते विचारा! सकाळी दारात लटकून, दीड तास. गाडी रखडली आणि दहा मिनिटं उशीर झाला की लेट मार्क, तीन लेट मार्कना अर्ध्या दिवसाचा पगार. पहिला तासभर डोकं चालत नाही आणि साहेब मीटिंग नेमकी तेव्हाच लावतात. मध्य रेल्वेने २०२३ मध्ये मुंबई विभागातल्या स्वतःच्या कर्मचाऱ्यांना ऑफिसच्या दोन वेगळ्या वेळा दिल्या. रेल्वेला जमलं, तर बीकेसीतल्या कंपन्यांना काय धाड भरली आहे?

साचाखाते
माझे वडील भोंग्याआधी दारात असायचे.

बदलापूर_फास्ट
काका, ते लालबागच्या चाळीतून चालत जायचे! आज त्या चाळीच्या जागी टॉवर आहे आणि कामगार बदलापूरला फेकला गेलाय. वेळेवर येण्याचं कौतुक चालत जाणाऱ्याने मला सांगू नये.

लेथवाला_साकीनाका
धागा लोकलचा नाही, भावा.

बदलापूर_फास्ट
माझ्यासाठी लोकलचाच आहे. थकलेल्या माणसाला कोणता फोरमन काय शिकवणार?

साचाखाते
चाळीवरून आठवलं. वडिलांना साचा शिकवला तो खोलीतल्याच एका गाववाल्याने. वडील बदली कामगार असताना त्यांना स्वतःच्या साच्याशी उभं करायचा. धागा तुटला तर ओरडायचा नाही, गाठ कशी मारायची ते पुन्हा दाखवायचा. वडील हे शेवटपर्यंत सांगत.

ठीक आहे, "आळशी" हा शब्द मागे घेतो. तेवढाच. ज्याला मुळात शिकायचंच नाही, त्याचं तुमचा फोरमन काय करणार, ते अजून कोणी सांगितलेलं नाही.