रेकॉर्डवरचा नाच तिकीट काढून बघायचा का? पॉल टेलरचं 'कंपनी बी'

जर्सीकर:
मंडळी, सल्ला हवाय. अमेरिकन नृत्यदिग्दर्शक पॉल टेलरच्या डान्स कंपनीचा शो बघायचा विचार चाललाय, त्यात 'कंपनी बी' आहे, अँड्र्यूज सिस्टर्स या तीन अमेरिकन गायक बहिणींच्या जुन्या गाण्यांवरचं. मैत्रीण म्हणते सोडू नकोस, पण घरात दोन पार्ट्या पडल्यात. नवरा म्हणतो गाणी रेकॉर्डचीच लावणार असतील तर आमच्या जत्रेतला रेकॉर्ड डान्स काय वाईट होता, तो तर फुकट होता. लेक कथक शिकते, तिचं वेगळंच, समोर तबलजी नाही तर समेवर यायचं कोणाबरोबर म्हणे. त्यात आई साताऱ्याहून आलीये, तिला इंग्रजी गाणी कळत नाहीत आणि मॉडर्न डान्स म्हणजे लोक जमिनीवर लोळतात एवढंच तिला माहीत. आईला झेपेल का? आणि आधी काही ऐकून जावं का?

तिहाई:
बिनधास्त न्या आईंना, लोळणं फारसं नाहीये, उलट उड्या, गिरक्या, पोल्का असं सगळं भरभरून आहे. १९९१ चा पीस आहे, पहिल्यांदा ह्यूस्टन बॅलेने केला, मग टेलरच्या स्वतःच्या कंपनीने. वेश चाळीसच्या दशकातले, म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्या काळातले, पोरं खाकी पँटमध्ये, आणि तीन बहिणींचे ते चकचकीत एकत्र आवाज.

आता रेकॉर्डचं. इथे रेकॉर्ड बजेट नाही म्हणून लावलेली नाही असं माझं ठाम मत आहे. पुढे पोरंपोरी मजेत नाचतायत आणि मागे अर्धवट उजेडात काळ्या आकृत्या हळूहळू सरकत जातात, नेम धरतात, कोसळतात, पुढच्यांचं तिकडे लक्षच नाही. 'बूगी वूगी ब्यूगल बॉय' मध्ये एकटा मुलगा असा काही उधळतो की हसू येतं, आणि शेवटच्या ठेक्याला गोळी लागल्यासारखा पडतो. गाण्यात काहीही फरक पडत नाही, बहिणींचा आवाज तितकाच आनंदी. हेच तिथे तीन गायिका स्टेजवर उभ्या करून करा बरं, पोरगा पडताना त्यांना दिसणार, आवाजात काहीतरी येणारच, नाही आलं तरी आपण त्यांच्या चेहऱ्याकडे बघत बसणार. रेकॉर्डला काही दिसत नाही. ती तशीच गात राहते, आणि पोटात कालवतं ते त्यामुळे.

खारेदाणे:
@तिहाई मुद्दा छान मांडलात पण मला नवरोबांची बाजू घ्यावीशी वाटते. रेकॉर्ड आली की पहिला घरी बसतो तो वाजवणारा. संगीतबारीत ढोलकीवाला बाईच्या पायाकडे बघून वाजवतो, तिने एक जागा वाढवली की तो तोड वाढवतो, पेटीवाला सांभाळून घेतो, ते ट्रॅकवर कसं होणार? आता जिथे तिथे डीजेवर लावणी, रोज तेवढ्याच मिनिटांची, तेवढ्याच टाळ्यांची. अमेरिकेत केलं म्हणून त्याला आर्ट म्हणायचं आणि जत्रेत केलं की नाकं मुरडायची हे मला पटत नाही. लेकीचं म्हणणंही बरोबरच आहे, उपज, म्हणजे ऐनवेळी सुचलेलं, गेलं की कथकमधलं अर्धं गेलं.

तिहाई:
कथक आणि लावणीबद्दल शंभर टक्के मान्य, तिथे वाजवणारा म्हणजे नाचाचा अर्धा भाग. पण इथे कोणी उपज करत नाहीये, सगळं बांधलेलं आहे आणि गाणं कधी हलणार नाही हे नाचणाऱ्याला ठाऊक आहे. आणि याच कंपनीने न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटरमधल्या सीझनमध्ये ऑर्केस्ट्रा ऑफ सेंट ल्यूक्स बसवून लाइव्ह संगीत केलंय, म्हणजे वाजवणाऱ्यांशी वैर नाही. त्या काळी घरोघरी, छावणीत लोक जे ऐकत होते तो आवाजच तिथे हवाय, दुसऱ्या कोणी तेच सूर गायले तर तो काळ येत नाही. जत्रेतल्या डान्सला मीही नाक मुरडत नाही हो, फक्त तिथे गाणं जे म्हणतं तेच नाच म्हणतो, इथे गाणं एक म्हणतं आणि नाच भलतंच.

बोस्टनमावशी:
जर्सीकर, वाद चालू दे यांचा, तू तिकिटाचं बघ. अगदी पुढच्या रांगा घेऊ नकोस, मागच्या आकृत्यांसाठी थोडी उंचावरची सीट बरी. स्वस्तही पडते. ऐकून जायचं तर 'बाय मिअर बिस्ट डू शेन' ऐक, सुरुवातही त्यानेच आणि शेवटही, मूळ यिद्दिश (ज्यू लोकांची एक भाषा) नाटकातलं गाणं आणि १९३७ मध्ये या तिघी त्यानेच गाजल्या. पहिल्यांदा वाजतं तेव्हा आपण नुसते पाय हलवतो, दुसऱ्यांदा तेच गाणं तसंच वाजतं पण तोवर मधे इतकं बघून झालेलं असतं की पाय हलत नाहीत. 'रम अँड कोका-कोला' चे बोल आईंना समजावत बसू नकोस, ठेका गोड आहे पण त्रिनिदादमधल्या मायलेकी अमेरिकन डॉलरसाठी काय करतात त्याचं गाणं आहे ते. 😄

तिहाई यांच्यासाठी एक बारीकशी पिन: सगळी गाणी युद्धात छावणीत वाजलेली नाहीत. 'आय कॅन ड्रीम, कान्ट आय' तर त्यांनी १९४९ मध्ये रेकॉर्ड केलं, युद्ध संपून चार वर्षं झाली होती. त्यावर एका मुलीचा सोलो आहे, कोणाची तरी वाट बघणारी, आणि मला उलट ते जास्त लागतं, कारण तोवर जे यायचे ते येऊन गेलेले.

आणि मुलीला हे आवडलं तर ट्वायला थार्प या अमेरिकन नृत्यदिग्दर्शिकेचं 'नाइन सिनात्रा साँग्स' दाखव, गायक फ्रँक सिनात्राच्या गाण्यांवरचं, १९८२ चं. सात जोड्या, वर आरशांचा गोळा, 'माय वे' दोनदा. तिथे कोणी मरत नाही, फक्त जोडपी भांडतात.

खारेदाणे:
पिन आवडली. ढोलकीचं म्हणणं मात्र मी मागे घेत नाहीये.

जर्सीकर:
बाप रे, एवढं सगळं! बाल्कनीची चार तिकिटं बघते, नवऱ्यालाही ओढून नेणार. मायलेकींचं गाणं आईला कळणार नाही पण लेकीला कळेल की, तिचं काय करू?

बोस्टनमावशी:
तिला आधीच कळलेलं असेल गं.